बिनमोटारीची वाट



या व्याख्यानमालेत मला बोलावणे आले तेव्हा चालकांची अपेक्षा अशी होती की मी बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलेन. गेली तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे, आणि माझे सभासद म्हणतात की झोपेतसुद्धा तेच बोलतो. मी विषय कळवला, "रानातून सायकल." चिटणीसांचा फोन आला, "विषय चुकून तर लिहिला नाही ना?" चुकून लिहिलेला नाही. तासाभरात आपल्याला कळेल की मी माझ्या नेहमीच्या विषयापासून फार लांब गेलेलो नाही.

प्रथम माझी पात्रता सांगतो, कारण या व्यासपीठावर विद्वान माणसे येऊन गेली आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. इंग्रजी मी कायद्याच्या पुस्तकांवरून शिकलो, त्यामुळे मला इंग्रजीत नोटीस छान लिहिता येते, पण चहा मागताना अडखळतो. सायकल मात्र मी रीतसर शिकलो आहे. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, मधल्या दांडीखालून पाय घालायचा आणि गुडघे फोडून घ्यायचे. वडील फौंड्रीत मोल्डर होते. त्यांच्या सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असे. बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला की शिपाई चाकातली हवा सोडी. ती सायकल घरातली एकमेव स्थावर-जंगम मालमत्ता होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडण्याच्या कामावर होती. मी तेव्हा झोळीत. त्यामुळे खडीचा रस्ता दिसला की इतरांना धूळ दिसते, मला ढिगाऱ्याशी बसलेल्या बायका दिसतात. आज ज्या वाटेबद्दल बोलायचे आहे ती खडीचीच आहे, पण आपल्या देशातली नाही.

माझी पुतणी इंग्लंडात साऊथॅम्प्टनला परिचारिका आहे. तिच्या आग्रहामुळे मी एका सप्टेंबरात तीन आठवडे तिच्याकडे राहिलो. तिच्या पाळ्या असत, आणि मी दिवसभर खिडकीत बसून असे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काका, तुम्ही इथे बसून माझे पडदे मोजू नका. गाडीने वीस मिनिटांवर मोठे रान आहे, तिथे सायकल भाड्याने मिळते. जाऊन या." त्या रानाचे नाव न्यू फॉरेस्ट. नाव 'नवे रान', आणि वय साडेनऊशे वर्षांच्या आसपास. विल्यम या नॉर्मन राजाने १०७९ च्या सुमारास ते आपल्या शिकारीसाठी राखून ठेवले. त्या काळी फॉरेस्ट म्हणजे झाडांचे दाट जंगल असा अर्थच नव्हता. राजाचा शिकारीचा कायदा जिथे चालतो ती जमीन म्हणजे फॉरेस्ट. म्हणून आजही या रानाचा मोठा भाग झाडांचा नसून उघड्या माळाचा आहे.

ब्रॉकनहर्स्ट नावाच्या स्टेशनावर उतरलो. जवळच भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. दुकानातल्या पोराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि मला रुंद टायरांची, सरळ हँडलची सायकल दिली. टायर चिमटून पाहिले तर हवा मला कमी वाटली. मी पंप मागितला. तो हसून म्हणाला की खडीवर एवढीच हवा ठेवायची. मला पटले नाही. आमच्याकडे टायर दगडासारखा असला म्हणजे सायकल पळते असा समज आहे, आणि डांबरावर तो बराचसा खराही आहे. पण खडीवर गेल्यावर त्या पोराचे म्हणणे कळले. टायर टणक असला की प्रत्येक खड्यावर सबंध सायकल आणि वरचा माणूस उचलला जातो. या उचलण्यात आपलीच ताकद वाया जाते. टायर रुंद आणि थोडा मऊ असला तर तो खडा पोटात घेतो, आणि आपण सरळ पुढे जातो. आजकाल खडीवर चालवायच्या खास सायकली निघाल्या आहेत, त्यांच्या किमती ऐकून आमच्या सभासदाला वर्षाचा बोनस आठवेल. त्यांची काही गरज नाही. मला भाड्याच्या साध्या सायकलीवर काहीच कमी पडले नाही.

गाव मागे पडले. एक फाटक लागले आणि तिथून खडीची वाट सुरू झाली. ही खडी आपल्यासारखी फोडलेली काळी नव्हे. त्या भागातल्या जमिनीतच गारगोटीचे पिवळट, तपकिरी गोटे आहेत. ते वाळू-मातीसकट उकरून पसरतात, दाबतात, आणि ती माती त्यांना बांधून ठेवते. आपला मुरूम बसतो तसेच. दोन्ही बाजूंना ओक आणि बीच, मग उंच सरळ पाइन, आणि मग एकदम झाडे संपून माळ. या माळावर हीदर नावाचे झुडूप असते, गुडघ्याएवढे. ऑगस्टात ते जांभळ्या फुलांनी भरते. मी गेलो तेव्हा बहर उतरणीला लागला होता, जांभळ्यात गंजाचा रंग मिसळला होता. मधूनमधून गॉर्सची काटेरी पिवळी झुडपे, सखल जागी पाणथळ, आणि सगळीकडे मोकळी फिरणारी घोडी. ठेंगणी, जाड मानेची घोडी वाटेच्या मधोमध उभी राहतात आणि आपण घंटी वाजवली तर आपल्याकडे पाहण्याचीही तसदी घेत नाहीत. उतरून बाजूने जायचे.

वाट चुकू नये म्हणून प्रत्येक फाट्यावर आकड्याचा बुटका खांब आहे. मी दुकानातला नकाशा घेतला होता. त्या आकड्यांवरून मी ब्रॉकनहर्स्टहून ऱ्हाइनफील्डकडे गेलो. तिथे १८५९ च्या सुमारास लावलेल्या परदेशी झाडांच्या दोन रांगा आहेत. अमेरिकेतून आणलेल्या बियांची ती झाडे आता इतकी उंच झाली आहेत की शेंडा पाहताना टोपी पडते. तिथून पुढे एक जुना ओक आहे, त्याचे खोड सात मीटरांहून अधिक घेराचे. ही सगळी प्रेक्षणीय स्थळे झाली. त्यांच्याबद्दल प्रवासी पुस्तकात वाचायला मिळेल.

मला सांगायचे आहे ते वेगळेच. मैल-दीड मैल गेल्यावर मला काहीतरी चमत्कारिक वाटू लागले. काहीतरी विसरून आलो आहोत असे. खिसा चाचपला, पाकीट होते, किल्ली होती. मग उलगडा झाला. मी मागे काय येते आहे ते ऐकत नव्हतो. मंडळी, मी पंचेचाळीस वर्षे सायकल चालवतो आहे आणि या पंचेचाळीस वर्षांत माझा उजवा कान कधी रिकामा नव्हता. हॉर्न, ट्रकचा गिअर, एस. टी.चा ब्रेक, कोण किती जवळून जाणार याचा हिशेब. आपण हे काम करीत असतो हेही आपल्याला ठाऊक नसते, कारण ते कधी थांबलेलेच नसते. त्या दिवशी ते पहिल्यांदा थांबले. टायरखाली खडी कुरकुरत होती आणि वरती कुठेतरी एक पक्षी ओरडत होता. मी सायकल झाडाला टेकवली आणि खाली बसलो. सुंदर देखावा पाहून बसलो असे सांगायला मला आवडले असते. खरे म्हणजे मला एका माणसाची आठवण झाली. त्याच्याबद्दल शेवटी बोलेन.

ही वाट कोणाची, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला पडल्याशिवाय राहत नाही. जमीन राजसत्तेची, कारभार वनखात्याचा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात लाकडाची टंचाई झाली, म्हणून १९१९ मध्ये तिथे वन आयोग स्थापन झाला आणि पुढे हे रानही त्याच्या ताब्यात आले. खडीच्या बहुतेक वाटा लाकूड वाहण्यासाठी केलेल्या आहेत, सायकलवाल्यांच्या प्रेमाखातर कोणी खडी पसरली नाही. लाकडाची मालमोटार क्वचित येते. एरवी फाटकाला कुलूप, आणि शेजारी लहान दिंडी. या दिंडीकडे लक्ष ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पण मालक राजा आणि कारभारी सरकार एवढ्यावर गोष्ट संपत नाही. या रानाभोवतीच्या गावांतल्या काही घरांना आणि शेतांना जुने हक्क चिकटलेले आहेत. आपली घोडी, गुरे रानात चारणे, सरपण घेणे, आणि शरद ऋतूत डुकरे सोडणे. तेव्हा ओकाची फळे पडतात. ती घोड्यांना आणि गुरांना विषारी, डुकरांना मात्र मेवा. डुकरे ती खाऊन टाकतात आणि घोडी वाचतात. हजारो घोडी मोकळी फिरताना दिसतात ती रानटी नव्हेत, प्रत्येकीला मालक आहे. शेपटीचे केस कोणत्या नमुन्याने कापले आहेत यावरून ती कोणत्या हद्दीतली आहे आणि तिची चराई भरली आहे हे समजते. मला या घोड्यांच्या शेपटीत आमचा सायकलीचा बिल्ला दिसला.

हे हक्क कोणी दान दिलेले नाहीत. १२१५ चा मॅग्ना कार्टा आपण शाळेत घोकतो, तो सरदारांचा. त्यानंतर दोन वर्षांनी, १२१७ मध्ये, रानाची एक सनद निघाली आणि तिने राजाच्या रानकायद्याला आळा घातला. तिच्याबद्दल शाळेत कोणी सांगत नाही, कारण तिच्यात चराई, सरपण, डुकरे असल्या गोष्टी आहेत. पुढे १८५१ मध्ये कायदा झाला. राजाने हरणे हलवायची आणि त्या बदल्यात आणखी १० हजार एकर कुंपणात घेऊन तिथे लाकडासाठी झाडे लावायची. कुंपण आले की चराई संपली. गावकरी पंचवीस वर्षे भांडले. १८७७ च्या कायद्याने नवी कुंपणे थांबली, आणि 'व्हर्डरर' नावाची जुनी रानपंचायत हक्कदारांच्या बाजूने नव्याने उभी राहिली.

ही पंचायत अजून भरते. मी मुद्दाम पाहायला गेलो. लिंडहर्स्ट गावात एक जुने दालन आहे, भिंतींवर हरणांची शिंगे. दहा व्हर्डरर. त्यातले पाच हक्कदारांनी निवडून दिलेले, बाकीचे सरकारी नेमणुकीचे. काम सुरू होताना एकजण उभा राहून जुन्या फ्रेंच शब्दांत पुकारा करतो. मग ज्याला काही गाऱ्हाणे असेल त्याने उठून बोलायचे. वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. त्या दिवशी कोणी कुत्र्यांबद्दल बोलले, कोणी मोटारी कशाही उभ्या करण्याबद्दल, आणि एक गृहस्थ सायकलवाल्यांबद्दल अतिशय कडवट बोलले. मी मान खाली घालून बसलो, कारण आदल्या आठवड्यात मीच एक गुन्हा केला होता.

झाले असे. आकड्याचा खांब माझ्या नजरेतून सुटला आणि मी खडीची वाट सोडून माळावरच्या एका पायवाटेने निघालो. समोरून घोड्यावर बसलेली एक बाई आली, साठीच्या पुढची, बूट चिखलाने माखलेले. तिने मला थांबवले. आवाज चढवला नाही, पण शब्द मोजून टाकले. सायकल फक्त खुणा केलेल्या वाटांवर, माळावर नाही. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या माळाला माझ्या दोन चाकांनी काय होणार? त्यावर तिने मला घोड्यावर बसल्या बसल्या एक धडा दिला. टिटवीच्या जातीचे पक्षी, कर्ल्यू, रातवा, हे जमिनीवरच अंडी घालतात. पाणथळीची माती एकदा चाकाने कापली की त्या चाकोरीतून पाणी वाहू लागते आणि सबंध दलदल हळूहळू कोरडी पडते. आणि तिसरे, ती म्हणाली, तुम्ही एकटे आहात असे प्रत्येकालाच वाटते.

हे तिसरे मला लागले. संप फोडणारा नेमके हेच म्हणतो, साहेब, मी एकटा गेल्याने काय होणार! मी क्षमा मागितली आणि उतरून सायकल हाताने परत नेली. तिला बरे वाटले असावे, कारण मग तीच सांगू लागली की तिची मुले हक्काची घोडी पाळायला तयार आहेत, पण बाहेरच्या श्रीमंतांनी घरांचे भाव एवढे चढवले की त्यांना इथे राहणे परवडत नाही. रान सुरक्षित आणि रानाची माणसे बेघर. आपल्याकडेही राखीव जंगलांच्या कडेला हेच ऐकू येते. तेव्हा मी स्वर्ग पाहून आलो असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. त्या बिनमोटारीच्या वाटेवर येणाऱ्यांपैकी बरेचजण सायकली मोटारीच्या पाठीला बांधून आणतात, आणि रानातल्या डांबरी रस्त्यांवर दरवर्षी अनेक घोडी, गाई मोटारींखाली मरतात. वेगमर्यादा ताशी ४० मैल आहे, तरीही. म्हणून काही घोड्यांच्या गळ्यात रात्री चमकणारे पट्टे बांधलेले असतात.

त्या वाटांपैकी एक मला सगळ्यांत आवडली. ती पूर्वी रेल्वे होती. १८४७ मध्ये साऊथॅम्प्टनहून डॉर्चेस्टरला लोहमार्ग झाला. तो इतका वळणावळणाचा होता की ज्या वकिलाने तो आणला त्याच्या नावाने लोक त्याला 'कॅसलमनचे बूचकाढणे' म्हणत. १९६४ मध्ये तोट्याच्या नावाखाली त्याचा रानातला भाग बंद झाला. रूळ उचलले, भराव राहिला. आता त्या भरावावरून सायकल जाते, चढ नाही, उतार नाही, दोन्ही बाजूंना माळ. रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या हे मी विसरू शकत नाही, पण ती जमीन कोणाच्या बंगल्यात गेली नाही एवढे तरी झाले.

याच ब्रॉकनहर्स्टमध्ये एका गल्लीला मीरत रोड असे नाव आहे. मी चकित झालो. १९१४-१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांची इस्पितळे या गावात होती. टेकडीवरच्या जुन्या चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या सैनिकांची रांगच्या रांग आहे, आणि त्यांच्यात तीन थडगी हिंदी माणसांची. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो, इतकेच.

आता कोणी म्हणेल की सायकलवर रानात फिरणे ही रिकामटेकड्यांची चैन, कामगार चळवळीचा तिच्याशी काय संबंध? संबंध फार जुना आहे. १८८५ मध्ये दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि थोड्याच वर्षांत जुन्या सायकली कामगाराच्या आवाक्यात आल्या. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी 'क्लॅरिअन' नावाच्या कामगारपत्राच्या नावाने सायकल मंडळ काढले. रविवारी गिरणीगावातून बाहेर पडायचे, खेड्यात पत्रके वाटायची, सभा घ्यायची आणि संध्याकाळी परतायचे. पाहता पाहता गावोगावी मंडळे झाली. त्यांच्यात मुलीही असत, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

त्याहून गमतीची गोष्ट अशी की इंग्लंडातले रस्ते सुधारावेत म्हणून पहिली संघटित चळवळ मोटारवाल्यांनी केलेली नाही. १८८६ मध्ये सायकलवाल्यांच्या संघांनी ती सुरू केली. तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हतीच. रस्ते गुळगुळीत झाले आणि मोटार आली, आणि ज्यांनी रस्ता मागितला त्यांनाच ती म्हणाली, बाजूला व्हा. भाडेकरूने घर दुरुस्त करावे आणि मालकाने नवा भाडेकरू आणावा, तसेच.

आणि १९३२ ची गोष्ट. २४ एप्रिल, रविवार. मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचे पठार आहे, हीदरचेच. ते जमीनदारांनी पक्षी मारण्याच्या शिकारीसाठी बंद केले होते. शेकडो तरुण कामगार ते बंधन मोडून वर चढले. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस, धंद्याने मेकॅनिक. रेल्वे स्टेशनावर पोलीस टपून असतील म्हणून तो सायकलवर गेला होता! पाचजणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या भूमीवर जाण्याचा कायदा झाला, त्याच्या मागे ही माणसे आहेत. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलला हक्क मिळाला, अट एवढीच की पायी माणसाला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची.

या सगळ्यांत रविवार हा शब्द किती वेळा आला पाहा. तो रविवारही मिळवावा लागला होता. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो मागितला, आणि १० जून १८९० रोजी तो मिळाला. लोखंड्यांची मागणी विश्रांतीची होती आणि त्याबरोबर समाजाच्या कामासाठी वेळ मिळावा ही होती. पण सुट्टीचा दिवस मिळाला तरी तो घालवायला जागा पाहिजे. आमचा सभासद रविवारी काय करतो? खोलीत झोपतो, नाहीतर हमरस्त्याच्या धाब्यावर बसतो. त्याला मोकळ्या हवेत न्यायचे तर कुठून न्यायचे? आणि रविवारचे सोडा, सोमवारी कामावर जायला तरी त्याला वाट आहे का?

आता मी आपल्या गावाकडे येतो, आणि ज्याची आठवण होऊन मी त्या झाडाखाली बसलो त्या माणसाकडे.

आपल्या गावातून औद्योगिक वसाहतीकडे कालवा जातो. त्याच्या काठाने पाहणीसाठी केलेला मुरमाचा रस्ता आहे, साधारण चार किलोमीटर, दोन्ही बाजूंना बाभळी. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी तिथे पोहायला जाताना पाहिला असेल. वर्षानुवर्षे पहिल्या आणि दुसऱ्या पाळीची माणसे त्या वाटेने सायकलवर जात. मी स्वतः अकरा वर्षे गेलो. कोणी नोटीस लावून ती वाट आम्हांला दिली नव्हती, आणि कोणी हरकतही घेतली नव्हती. २०१६ मध्ये ज्या कचेरीच्या ताब्यात तो रस्ता आहे तिने दोन्ही टोकांना लोखंडी साखळी लावली आणि बाजूने सायकलही जाऊ नये असा चर खणला. कचेरीचे नाव मी घेत नाही. तिचे कारण खोटे नव्हते. रात्री मातीचे ट्रक त्या वाटेने चोरून जात आणि कालव्याचा भराव खचत होता. पण ट्रक थांबवण्यासाठी त्यांनी सायकल थांबवली. चारशे-पाचशे माणसे एका आठवड्यात हमरस्त्यावर आली. आम्ही एक निवेदन दिले. पोच घेतली, फाईलला लावली. त्या वर्षी कराराची बोलणी चालू होती, मी त्यात गुंतलो आणि निवेदनाचा पाठपुरावा केला नाही. ही माझी कसूर आहे, आणि ती या सभेत सांगावी म्हणूनच मी हा विषय घेतला.

२०१८ च्या जुलैत दुसरी पाळी सुटल्यावर आमच्या ओतकाम खात्यातला एक सोबती हमरस्त्याने घरी निघाला होता. पाऊस होता. मागून ट्रेलर आला. त्याच्या सायकलीला मागचा लाल काचेचा ठिपकासुद्धा राहिलेला नव्हता. इंग्लंडात त्या घोड्यांच्या गळ्यातले चमकणारे पट्टे पाहिले तेव्हा माझ्या मनात काय आले असेल याची आपण कल्पना करा. राज्य विमा कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन कामावर येता-जातानाचा अपघातही कामावरचा धरला जातो. त्यामुळे त्याच्या पत्नीला निवृत्तिवेतन मिळाले. ते काम मी मन लावून केले. ती बाई मला म्हणाली, "दादा, कागद तुम्ही फार चांगले केलेत." पुढे काही बोलली नाही.

आता त्या दिंडीकडे येतो. न्यू फॉरेस्टमध्ये मी जी फाटके पाहिली त्यांच्या शेजारची लहान दिंडी मी मोजून घेतली. मोजपट्टी नव्हती, म्हणून सायकलीच्या हँडलने मोजली आणि परत येऊन हँडल मोजले. आत जाताना सायकल हाताने न्यावी लागते, दार आपोआप मिटते, जनावर बाहेर येत नाही, मोटार आत जात नाही. तीन-साडेतीन फुटांची फट. मातीचा ट्रक तेवढ्यातून जाऊ शकणार नाही, हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. आमच्या फौंड्रीतल्या दोघा फिटरांनी तशी दिंडी भंगाराच्या कोन-पट्टीतून तयार केली आहे. ती युनियनच्या कचेरीच्या मागे भिंतीला टेकून उभी आहे, दोन वर्षे झाली. खर्च कचेरीकडे मागितलेला नाही. खडी-मुरूम आम्ही श्रमदानाने टाकू असेही लिहून दिले आहे. आईकडून निदान तेवढा वारसा मजकडे आहे.

कचेरीची हरकत दोन गोष्टींवर आहे. एक, कोणी कालव्यात पडले तर जबाबदार कोण? दुसरी, आज सायकल सोडली तर उद्या मोटारसायकल येईल. पहिलीला माझे उत्तर असे की हमरस्त्यावर मेलेल्याची जबाबदारी कोणी घेतली होती? पण ते उत्तर संतापाचे आहे, त्याने फाईल हलत नाही. म्हणून आम्ही कोणत्या वळणावर कठडा लागेल ते मोजून नकाशा जोडला आहे. दुसरी हरकत खरी आहे. मोटारसायकल त्या फटीतून जाऊ शकते. तिला अडवायचे तर दिंडीला दोन वळणे द्यावी लागतील, आणि मग दुधाच्या किटल्या लावलेली सायकलही अडेल. त्यावर आमच्यात अजून एकमत नाही. गवळी मंडळींना विचारल्याशिवाय आम्ही ते ठरवणार नाही. त्या घोड्यावरच्या बाईने मला जे ऐकवले ते मी विसरलेलो नाही.

पुढच्या महिन्यात कचेरीने जागेवर पाहणी ठेवली आहे. त्याआधी, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, आम्ही काहीजण कालव्याच्या पुलावर जमणार आहोत. साखळीपर्यंत जायचे, चर किती खोल आहे ते मोजायचे, आणि वाटेवर कुठे पाणी साचते ते लिहून घ्यायचे. ओव्हरसिअरची नोकरी करून निवृत्त झालेले कोणी या सभेत असतील तर त्यांनी अवश्य यावे, आमच्यात मोजणारे आहेत पण लिहिणारे कमी आहेत. सायकल असेल तर आणा, नसेल तर चालत या. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा.